मांडवाशिवाय धवल नाही

मी निघाले त्या दिवशी आई पाड्याचा उतार संपेपर्यंत आली होती. डीएडला नंबर लागला होता आणि हातात पत्र्याची पेटी होती. एसटी दिसली तशी ती म्हणाली, "तिकडं त्यांच्यासारखं बोल. आपलं बोलणं आपल्या लोकांपुरतं." मी ते पाळलं. आज माझ्या बोलण्यावरून मी वारली आहे हे कुणाला कळत नाही, आणि रविवारी सकाळी मी गोरेगाव पूर्वेच्या पाड्यात मुलांना वारली शिकवते.

पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी पेटी उचलून निघालेल्यांनो, हे शिकवणं कसं असतं ते सांगते. शाळेत माझा विषय गणित, म्हणून आकडे आधी. वर्ग सुरू झाला तेव्हा सव्वीस मुलं होती. आता नऊ येतात, त्यांतली काही बिस्किटांसाठी. जे बोलणं आपण भात लावताना शिकलो, ते इथे फळ्यावर लिहावं लागतं. भाताच्या कोवळ्या रोपांचं चित्र दाखवलं तर एक मुलगी म्हणाली, "टीचर, लॉन." मी तिला चूक म्हटलं नाही. तिने दुसरं पाहिलंय काय?

याच पाड्यातल्या सुमनची दोन धाकटी मुलं वर्गाला येतात. यंदा वैशाखात तिच्या मोठीचं लग्न होतं. आपल्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती बाई भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून धवल गाते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. इथली धवलेरी दोन वर्षांपूर्वी मरण पावली. सुमन मला म्हणाली, "बाई, हॉल झाला, डीजे झाला. चौकासमोर बसायला कोण नाय. तुम्ही शिकवता ना, मग तुम्हीच म्हणा."

मी म्हटलं, मला येत नाही.

"मग शिकवता काय?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. नवरी मुलगी मधेच म्हणाली, की यूट्यूबवर असेल ना, आई, कशाला टेन्शन घेतेस. सुमनने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिला पोरीचं लग्न लागलेलं हवं होतं, वाजलेलं नाही.

मी शनिवारची शाळा आटोपून मावशीकडे गेले. माझ्या आईची ही थोरली बहीण आमच्या बाजूच्या सगळ्या पाड्यांची धवलेरी आहे. मी मोबाइल पुढे केला आणि एकदा म्हणून दाखव म्हटलं. तिचं बोलणं मराठीत देते. वारलीत ते याहून थोडक्यात होतं.

"मांडव नाही, नवरी नाही. धवल कुणाला ऐकवू, कोंबड्यांना?"

मी म्हटलं, एकदाच म्हण, मी ऐकून ऐकून पाठ करीन.

"मग लग्नालाही त्या मोबाइललाच बसव."

आमच्याकडचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मांडवाबाहेर धवल म्हणायचे नाहीत, सरावालासुद्धा नाहीत. शिकायचं तर धवलेरीच्या मागे बसून, तिची ओळ धरून. मी चिडले. शहरातल्या मुलींच्या वाट्याला असे मांडव किती येणार, या नियमाने तुझ्यानंतर सगळं संपेल, असं तिला सरळ सांगितलं. ती तांदूळ पाखडत राहिली. मग विचारलं, नवरी खरी आहे ना? मी हो म्हटलं.

"मग मला ने."

मावशीने सत्तरी ओलांडली आहे आणि तिला गाडी लागते. लिंबू हुंगत, दोनदा थांबत आम्ही पोचलो. हॉलच्या भिंतींना टाइल्स होत्या, म्हणून सवाष्णींनी चौक प्लायवूडवर काढला. डीजेवाला माइक तपासत होता, त्याला सुमनने एका नजरेत गप्प केलं. मी मावशीच्या मागे बसले. प्रत्येक शब्दाचा अर्थ मला येतो, त्यामुळे जमेल असं वाटलं होतं. शब्द आले, पण श्वास कुठे घ्यायचा ते येईना. तिसऱ्याच ओळीला मी सुटले. मावशी थांबली नाही, वळलीही नाही. तिने तीच ओळ पुन्हा टाकली, आणि मी धरेपर्यंत टाकत राहिली. पाहुण्यांना गाणं तसंच आहे असं वाटलं असेल. सुमन लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. लग्न लागलं.

परत जाताना मावशी म्हणाली, "एका मांडवात एवढंच येतं. पुढच्या वर्षी तीन आहेत." माझं वय, तिचा खोकला आणि वर्षाचे तीन मांडव, हे गणित मी करून पाहिलं. उत्तर येत नाही. तरी यापुढे मेची सुट्टी तिकडे जाईल, असं घरी सांगून टाकलं. वर्गात आयांनाही सांगितलं, की बोलणं मी इथे शिकवीन, धवल नाही. ज्या मुलीला हवे असतील तिने माझ्याबरोबर यावं. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.

गावच्या घरात भावाचा संसार आहे, तिथे माझ्यासाठी चटई अंथरतात, पाहुणीला अंथरतात तशी. गोरेगावच्या घरात मी दमून येते आणि झोपते. घर कुठलं असं विचारलंत, तर मावशीच्या पाठीमागची हातभर जागा सांगेन, ती ज्या मांडवात बसेल त्या मांडवातली. ती ओळ टाकते. मी धरते. निम्म्या अजून सुटतात.