मिठीचे तीन टेक

माझ्या धाकट्या भावाने गेल्या चौदा वर्षांत मला तीनदा मिठी मारली. तिन्ही एकाच दिवशी, येलहंक्याच्या एका स्टुडिओत, आणि त्यातल्या दोन दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून.

भाऊ म्हणजे मुकुंद. कन्नड टीव्हीवर लोकांना हसवतो. भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याला ओळखतात, आणि मला ओळखतात ते ‘मुकुंदचा अण्णा’ म्हणून. मी राजाजीनगरात टेलर आहे. वडिलांचं दुकान, वडिलांचं मशीन आणि (आई म्हणते) वडिलांचाच राग, असा सगळा वारसा माझ्या एकट्याकडे आला. मुकुंदकडे काज-बटणाचं काम होतं. ते करता करता तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा आणि शर्टांना बटणं वाकडी लागायची.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या गणपतीत त्याचा नकलांचा पहिला कार्यक्रम होता. पोरगं स्टेजवर आलं ते काळ्या कोटात. कोट ओळखीचा वाटला. वाटणारच! मीच शिवला होता, दुसऱ्या दिवशी बोहल्यावर उभं राहणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी! आता अशा वेळी समजूतदार मोठा भाऊ काय करतो? कार्यक्रम संपेपर्यंत थांबतो. मी स्टेजवर चढलो आणि अख्ख्या गल्लीसमोर त्याच्या अंगावरून कोट ओढून काढला. आत शर्ट नव्हता. बनियन होता, तोही भोकाचा. लोकांना वाटलं, ही पण नक्कलच! त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा माझ्या वाट्याला आला.

“असले चाळे करायचे असतील तर घरात पाऊल टाकू नकोस!” मी ओरडलो. (समोर माइक चालू होता, हे लक्षात आलं नाही. पुन्हा हशा.)

त्याने माझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि नेमकं तेच. कोरमंगल्यात मित्राच्या खोलीवर गेला, तिथून कुठच्या कुठे पोहोचला, पण घरी आला नाही. आईला दर रविवारी फोन करायचा. ती रडायला लागली की त्याचं एकच म्हणणं असे, “अण्णानं एकदा ‘माझं चुकलं’ म्हणावं, आई. त्याच दिवशी येतो.”

एवढंच! पण मला चौदा वर्षांत सवड झाली नाही. जूनमध्ये शाळांचे गणवेश, मग दसरा-दिवाळी, मग लग्नसराई. माणूस कामात असतो.

अशात त्या टीव्ही कार्यक्रमाच्या शिल्पाचा फोन आला. कार्यक्रम म्हणजे गप्पांचा. नामवंत माणसाला सोफ्यावर बसवतात, लहानपणापासूनचं सगळं विचारतात, आणि तो जरा हळवा झाला की पडद्याआडून त्याचं कोणीतरी जुनं माणूस बाहेर काढतात. मंत्री रडलेत तिथे. गायक रडलेत. एक पैलवान तर असा रडला होता की आईने टीव्हीसमोर पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

“अण्णा सर, मुकुंद सरांचा एपिसोड आहे. तुम्ही त्यांचं सरप्राइज. याल ना?”

आईचे गुडघे दुखतात, तिला तासन् तास बसवत नाही. म्हणून तिने मलाच समोर बसवलं आणि दम भरला. “हे बघ. पडद्यातून बाहेर आलास की पहिल्यांदा तो शब्द म्हण. मग काय ते बोल. माझे डोळे मिटायच्या आत दोघांना एका ताटावर बघू दे रे मला.”

“सरी, बरं, म्हणतो.”

“चार माणसांत कोट काढलास ना? मग चार माणसांतच म्हण.”

खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं होतं. कॅमेऱ्यासमोर भाऊ काय नाही म्हणणार होता? एका शब्दात चौदा वर्षं मिटणार, वर आपण टीव्हीवर!

मी स्वतः शिवलेला कोट घालून निघालो. कॅबमध्ये सराव सुरू केला. कार्यक्रम कन्नडमध्ये, म्हणून सरावही कन्नडमध्ये. “तप्पायितु. तप्पायितु, मुकुंदा.” म्हणजे, चुकलं.

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. “काय चुकलं सर? मॅप बरोबर दाखवतोय!”

“तुमचं नाही हो, माझं चुकलं.”

“मग परत फिरवू?”

बघा! परक्या माणसाला दोन मिनिटांत म्हणालो!

स्टुडिओत माझ्या कोटाच्या आत माइक अडकवला आणि शिल्पाने मला पडद्यामागे उभं केलं. पलीकडे मुलाखत चालू होती. (सगळं कन्नडमध्ये, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतोय.) निवेदकाने विचारलं, “या क्षेत्रात यायला घरून कोणाचा आधार होता?”

म्हटलं, झालं! आता बनियन निघणार!

“आमच्या अण्णाचा,” मुकुंद म्हणाला. “मी पहिल्यांदा स्टेजवर गेलो ना, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने शिवलेला कोट मला स्टेजवर येऊन घातला.”

टाळ्या! मी पडद्यामागे ढसाढसा रडायला लागलो. शिल्पा कुजबुजली, “सर, थोडं ठेवा, बाहेर लागेल.” पडदा सरकला. मुकुंदने मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो पुढे आला, कसाबसा मला बिलगला. घाईघाईची, अवघडलेली मिठी होती. माझ्या कानाशी हळूच मराठीत म्हणाला, “किती वाळलास रे अण्णा.”

हीच ती वेळ. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात निवेदक मध्ये घुसला, “अण्णा, त्या कोटाबद्दल सांगा ना!”

सगळे माझ्याकडे बघत होते. मुकुंदही बघत होता. तसा तो लहानपणी बटणं उलटी लावून झाल्यावर बघायचा, आता हा काय करतो म्हणून. मला कळत होतं की त्याने माझी लाज राखलीय आणि आता उरलेलं मी बोलायचंय. समोर तीनशे माणसं डोळे पुसत बसलेली. माझ्यासाठी! राजाजीनगरच्या टेलरसाठी!

“काळा होता,” मी म्हणालो. “आतून सॅटिनचं अस्तर. म्हटलं, माझा भाऊ स्टेजवर जातोय, साधं अस्तर कसं लावायचं?”

काय टाळ्या पडल्या! मग मला थांबवेना. मी त्या कोटाला आतला खिसा लावला, खिशात देवाचा अंगारा ठेवला, मुकुंदला छातीशी धरलं आणि लोकांना सांगितलं, “हा एक दिवस नाव काढणार!” निवेदकाने रुमाल काढला. मुकुंदने मान खाली घातली, आणि वर केली तेव्हा तो टीव्हीवर दिसतो तसा हसत होता.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. माझ्या कोटाच्या आतलं कॅनव्हासचं कापड जाड पडलं, मिठीत माइक घासला, म्हणून मिठी पुन्हा.

मुकुंद माझ्याजवळ आला. म्हणाला, “सर, तुम्ही डावीकडून या. उजवीकडून आलात की तुमचा चेहरा झाकला जातो.”

सर. तुम्ही. जन्मल्यापासून तो मला ‘अरे अण्णा’ म्हणत आलाय.

दुसरी मिठी फार छान झाली. तिसरी तर काय सांगू! त्याने आधी पायांना हात लावला, मग कडकडून धरलं, खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी आलं, तेही बरोबर कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यातून आधी. ‘कट’ झालं तसे हात सुटले. “थँक्यू सर, छान केलंत,” म्हणाला आणि मेकअप पुसायला निघून गेला. मी त्या सोफ्यावर बसून राहिलो. तोंडात तो शब्द तसाच होता, आणि ऐकायला समोर फक्त वायर गुंडाळणारी माणसं होती.

एपिसोड लागला त्या रविवारी आमच्या घरात बसायला जागा नव्हती. तिसरी मिठी दाखवली, मागे सनई. शेजारच्या अक्कांनी माझी दृष्ट काढली. सगळे गेल्यावर आईने टीव्ही बंद केला.

“तो शब्द कुठाय?”

“म्हणालो की!” मी म्हणालो. “त्यांनी कापला असेल.”

आईने तिथल्या तिथे मुकुंदला फोन लावला. तिने विचारलं, ऐकलं, आणि मान डोलावली. “हो म्हणतोय. म्हणाला होतास म्हणे.” मग पुन्हा फोनवर, “मग आता घरी का येत नाहीस रे?” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन ठेवला. “शूटिंग आहे म्हणतो.”

त्याने मला दुसऱ्यांदा वाचवलं होतं, आणि या वेळी अगदी कायमचं.

पण आई ऐकते काय! “चॅनेलला विचार. एवढा मोठा शब्द कापलाच कसा?” मला शिल्पाला फोन लावावा लागला, तोही स्पीकरवर. बिचारीने दोन दिवसांनी उलट फोन केला. आईने हाही स्पीकरवरच घ्यायला लावला. “सर, पूर्ण रेकॉर्डिंग बघितलं. तुम्ही तसं काही बोललाच नाहीत.”

“खोटारडी!” आई कडाडली. तिचं कन्नड माझ्यापेक्षा पक्कं आहे. “माझी दोन्ही पोरं एकच सांगतायत, आणि ही कोण लागून गेली? बोल ना रे, गप्प काय बसलास?”

मग मी बोललो. “हे बघा शिल्पा,” मी आवाज चढवला, “म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलताना जरा तरी लाज वाटायला हवी!”

पलीकडे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते.

“सॉरी अम्मा,” ती म्हणाली. “तप्पायितु. आमचंच चुकलं.”

इतकं सरळ. ना पडदा, ना सराव. आणि तिचं तर काहीच चुकलं नव्हतं! आईचा राग तिथल्या तिथे उतरला. तिने मला खूण केली, जाऊ दे, लेकरू आहे.

आणि मी त्या मुलीला मोठ्या मनाने माफ केलं.