माश्यांसाठी सैल उशी

गादीकाकूच्या हातची गादी म्हणजे बघायचं काम नाही. चाळीस वर्षं तिनं कापूस ठासून भरला, टाके घट्ट घातले, हवा शिरायला कुठे जागा म्हणून ठेवली नाही. आणि नेमकं हेच कसब तिला गेल्या हिवाळ्यात नडलं.

दुकानामागच्या अंगणात तिची मधमाश्यांची पेटी होती. थंडी पडताच काकूनं पेटीला जाडजूड दुलई गुंडाळून वरून शिवून टाकली, झाकणाच्या कडांना कापूस कोंबला. थंडी सरल्यावर उघडते तर काय, आत बुरशी आणि ओला लगदा! माश्या देणारा माळी म्हणाला, "काकू, थंडीनं नाही मेल्या या. यांच्याच श्वासाची वाफ झाकणाला लागली, पाणी होऊन यांच्या अंगावर ठिबकली. वाफेला वाट कुठे ठेवलीत तुम्ही?" आपल्याच हातानं मारल्या, हे काकूला सोसत नव्हतं.

यंदा माळ्यानं पुन्हा माश्या दिल्या, पण मूठभर. "थंडीच्या तोंडावर येऊन पेटी उचलून बघेन. हलकी लागली, म्हणजे आत हिवाळ्यापुरता मध साठला नसला, तर परत नेईन आणि माझ्या मोठ्या पेटीत मिसळून टाकेन."

"न्या खुशाल," काकू म्हणाली. "पण तशी वेळ यायची नाही."

मग बाई हात धुऊन मागे लागली. साखरेचा दाट पाक रोज पेटीत ठेवला. पोळं बांधायच्या रिकाम्या चौकटी काढून उरलेल्या पाचांशेजारी फळी सरकवली. एवढ्याशा जिवांनी अख्खं घर कशाला उबदार ठेवत बसायचं? उंदीर शिरू नये म्हणून पेटीच्या दाराला माशीपुरती फट सोडून पट्टी ठोकली. माळी आला, पेटी मागून उचलायला गेला आणि "आई गं!" म्हणून कंबर धरून उभा राहिला. परत नेण्याचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं.

राहिलं पांघरूण. काकूनं भुशाची छोटी उशी शिवली, निम्मीच भरली आणि चौकटींवर ठेवली. झाकणाखाली चार कोपऱ्यांत काडेपेटीच्या चार काड्या सरकवल्या.

गल्ल्यावर बसणारी थोरली जाऊ बघत होती. "अगं, ही काय उशी? दुकानाची अब्रू घालवशील! आणि झाकण उघडं? दयामाया आहे की नाही तुला?"

"जाऊबाई, मागच्या वर्षी दयामायाच जास्त झाली होती."

थंडीनं कहर केला त्या दिवशी मात्र काकूचे हात शिवशिवले. कापसाचा बोळा घेऊन ती पेटीपाशी गेलीसुद्धा. झाकणाच्या कडेला बोटं नेली, तर आतून ओलसर, कोमट हवा लागली. काकू मागे फिरली आणि तो बोळा तिनं गिऱ्हाइकाच्या लोडात कोंबला.

पुढे एके दुपारी लख्ख ऊन पडलं आणि अंगणातून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं ए! आत्ता वाळत घातलेल्या पांढऱ्या अभ्र्यांवर हे पिवळे ठिपके कसले?"

काकू धावत आली. वर बघितलं तर माश्याच माश्या! हिवाळाभर माशी घरात घाण करत नाही, पोटात धरून ठेवते, आणि पहिल्या उन्हाला बाहेर येऊन मोकळी होते. काकू पायरीवर बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"हगल्या, जाऊबाई! हगल्या माझ्या पोरी!"