खांबाखाली काळ्या झालेल्या बांगड्या

काल इकडे उत्तरेत, आमच्या राजा घाटाच्या गल्लीतले जुने पिवळे दिवे काढून पांढरे लावले. दिवेवाला म्हणाला, त्या उजेडात पिवळ्याशिवाय दुसरा रंगच दिसत नाही, म्हणून सगळीकडचे काढतायत. हे नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला कोणी सांगितलं असतं तर भाचीच्या लग्नात माझं एवढं हसं झालं नसतं. तिचा हिरवा चुडा आणायला मामा म्हणून मला धाडलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात ट्यूबखाली हिरव्यागार बांगड्या घेतल्या, गल्लीतल्या दिव्याच्या खांबाखाली कागद उघडून बघतो तर काळ्याकुट्ट! आता नवरीच्या हातात काळ्या बांगड्या कशा भरायच्या? धावत परत गेलो, तर दुकानात पुन्हा हिरव्या. बाहेर आलो की काळ्या. शेवटी दुकानदारालाच हाताला धरून खांबाखाली आणलं. तो डोळे चोळत म्हणाला, "अरे महाराज, ई तो करिया हो गइल! आपका टीका भी करिया!" मी घाबरून कपाळावरचा लाल टिळा पुसला, त्यानं कानाला हात लावले. तेवढ्यात भाचीच मला शोधत आली. "मामा, सगळे खोळंबलेत, कुठं अडकलास?" म्हटलं, "अगं, ह्या इथं काळ्या होतायत!" तिनं पुडा हिसकावून घेतला. म्हणाली, "मग होऊ देत की! मी काय खांबाखाली संसार करणारेय?" गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. चुडा आणायला तिनं अख्ख्या गल्लीला विचारलं, मला सोडून.