सिग्नलवाला साक्षीदार

यार्डात सगळे तिला वहिनीच म्हणत. कारण खाली सिग्नल द्यायला तिचा दीर, आणि वॉकीटॉकीवर दिवसभर त्याचा एकच धोशा : "वहिनी, जरा डावीकडे. वहिनी, सोडा." नवरा गेल्यावर ती क्रेन शिकली, पुढे रिकामटेकड्या दिरालाही तिनंच कामाला चिकटवलं. कंपनी आपल्याच देशातली, काम मात्र परदेशातल्या बंदरावर. केबिन इतकी उंच, की खालून दिसायचं नुसतं हेल्मेट.

तिथल्या बंदराच्या साहेबाला 'वहिनी' कुठलं कळायला! तो खूश. "साहेब म्हणतात, काय हात आहे या गड्याचा!" दीर वर कळवायचा आणि दोघंही पोट धरून हसायची.

एक दिवस साहेबानं त्या गड्याला कौतुकानं खाली बोलावलं. ती उतरली, हेल्मेट काढलं, वेणी पाठीवर पडली. साहेबाचा पुढे आलेला हात खिशात गेला. "बाई? उद्यापासून ही नको," तो दिरासमोरच कंपनीच्या मॅनेजरला म्हणाला. आठवड्याच्या आत तिला घरी धाडलं.

तिनं दावा लावला. कंपनी म्हणाली, काम परदेशात झालं, तिथे इथला कायदा कसा लागेल? तिच्या वकीलबाईंनी ते पहिल्याच फटक्यात उडवलं. "कंपनी इथली, माणूस इथलं, मग कायदाही सोबत जातो. बाईला ठेवणं तिथल्या कायद्यातच बसत नसतं, तर गोष्ट वेगळी. ही नुसती साहेबाची नावड." मग कंपनीनं सूर बदलला : बाई म्हणून नव्हे, कामात कच्ची म्हणून काढली. आता सगळी भिस्त दिरावर.

तो तोवर तिथे मुकादम झाला होता. सुटीवर आला, साक्षीला उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "यंत्रांचा आवाज फार होता. साहेब काय बोलले, ऐकू आलं नाही."

"आणि यांचं काम?" वकीलबाईंनी विचारलं.

"होतं आपलं ठीकठाक."

दावा फेटाळला गेला. जिन्यात त्यानं तिला गाठलं. "वहिनी, पोरं लहान आहेत हो. समजून घ्या."

"भावोजी, तुम्ही 'सोडा' म्हणालात की मी खाली न बघता लोखंड सोडायची. खाली माणसं असायची."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तर काय! तेव्हा तुम्हाला ऐकू यायचं."

आता ती इथल्याच एका गोदीत क्रेन चालवते. कामाला लागताना तिनं एकच अट घातली : सिग्नलला घरचं माणूस नको. बाई थट्टा करतेय असं वाटून गोदीचा मुकादम खो खो हसला. ती शिडी चढू लागली.