काठावर पास

बारावीला मला गणितात छत्तीस मार्क मिळाले. माझा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा आहे असं घरात सगळे म्हणत होतेच, बोर्डाने नेमका तोच आकडा छापून दिला.

खरं तर गणित घ्यायची गरजच नव्हती. आमच्या कॉलेजात गणिताऐवजी क्रॉप सायन्स घेता यायचं आणि त्यात मार्कांचा नुसता पाऊस पडायचा. माझ्या मैत्रिणीने तेच घेतलं. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, तिने जन्मात पराटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हात लावलेला नाही, पण त्यावरच्या किडी ती पाढ्यासारख्या म्हणून दाखवायची. मी म्हटलं, पराटी तर आमच्या दारात उभी आहे, ती पुस्तकात कशाला वाचायची? आणि तोऱ्यात गणित घेतलं.

पेपरात एक इंटिग्रेशन अडलं. शहाणं माणूस पुढे जातं. मला तेवढं शहाणपण नाही. पाऊण पेपर मी त्या एकाच गणिताशी भांडत बसले. शेवटी ते सुटलं आणि पेपर गेला.

निकालाच्या दिवशी आत्या घरीच होती. "काठावर पास झाली पोट्टी," ती म्हणाली, आणि लगेच तिला शेगावकडचं एक स्थळ आठवलं. बाबा चहा पीत होते. म्हणाले, "काठावर तं आपलं वावरबी हाय. नदी दरसाल घुसते, तरी गावात सगळ्यात जास्त तेच पिकते." आत्या तरी स्थळ काही विसरली नाही. अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही तर पुढे काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मी पुरती घाबरले होते.

बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या यादीत मैत्रिणीचं नाव लागलं, माझं नाही. दुसऱ्या यादीतही नाही. छत्तीसने सगळी टक्केवारी खाली ओढली होती. क्रॉप सायन्सवाली कॉम्प्युटरला आणि शेतकऱ्याची पोरगी घरी, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं. उरलेल्या जागा भरायच्या दिवशी बाबा मला घेऊन अमरावतीला आले. कॉम्प्युटरच्या खिडकीवर जत्रा होती. आमचा नंबर येईपर्यंत जागा संपल्या.

कोपऱ्यातल्या एका टेबलाशी मात्र कोणीच नव्हतं. एक मॅडम एकट्याच पेपर वाचत बसल्या होत्या. वर पाटी होती, गणित विभाग. बाबा सरळ तिकडे गेले.

मॅडमनी मार्कशीट पाहिली, मग मला पाहिलं. "गणितात छत्तीस, आणि गणितच घ्यायचंय?"

मला राग आला. मी इंटिग्रेशनची सगळी कहाणी सांगून टाकली, अगदी तावातावाने, भर ऑफिसात. मॅडमनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग सुटलं का?"

"सुटलं."

"बस. फॉर्म भर. अर्धा वर्ग रिकामा आहे माझा."

मी फॉर्म भरला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, तो बाबांनी धरून ठेवला. बाहेर आल्यावर मला हसावं की रडावं कळेना. ज्या विषयाने मला सगळीकडून बाहेर काढलं, त्यानेच आत घेतलं होतं.

"बाबा, इथं जागा रिकामी असन, हे तुमाले कसं समजलं?" मी विचारलं.

बाबा बसस्टँडकडे चालायला लागले होते. मागे वळून म्हणाले, "काठावर कोनी घर बांधत नाही, माय. म्हून तं तिथं जागा भेटते."