वजीर आणि शेवऱ्याचा कडबा

माझी सगळी नोकरी फौजेच्या खेचरांच्या कंपनीत झाली. लोकांना बंदुकीच्या गोष्टी हव्या असतात. मी खेचरांना खरारा करण्याचं आणि दाण्याचा तोबरा तोंडाला बांधण्याचं सांगायला लागलो की ऐकणारे घड्याळ बघतात. आमचा कायदा सोपा होता. डोंगरावरच्या पोस्टवर पोहोचलं की आधी खेचराचं पाणी, खेचराचा चारा, मग जवानाचा चहा. गवताचे गठ्ठे कमी पडले की इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद जायचा, आणि बर्फ असो की दरड, गठ्ठे यायचे. नोकरीभर जनावरांना गवत घातलं, पण त्याचा भाव काय असतो हे कधी कळलं नाही. ते कळलं हवालदार म्हणून रिटायर होऊन देवणी तालुक्यातल्या आमच्या गावी आल्यावर.

गावी धाकटा भाऊ उत्तम शेती बघतो. त्याच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. काळ्या तोंडाचा वजीर, जरा तापट. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवऱ्या, गरीब. ट्रॅक्टर आल्यावर गावातल्या जोड्या एकेक करून बाजाराला गेल्या, उत्तमनं आपली ठेवली. त्याची बायको कमल म्हणायची, "मला कधी इतकं इचारलं न्हाई, जितकं त्या वजीरला इचारतेत."

आमच्या भागात आता जिकडे तिकडे सोयाबीन. ज्वारी फारसं कोणी पेरत नाही, आणि ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. आम्ही घरच्यापुरता एक पट्टा केला होता, त्याचा कडबा उन्हाळ्याच्या तोंडालाच संपला. पेंढीचा भाव दर बाजाराला चढत होता. सोयाबीनचं भुसकटसुद्धा लोक पोत्यानं विकू लागले. उसाचं वाढं आणायचो, पुढे तेही मिळेना.

उमरीकडे एका शेतकऱ्याजवळ कडब्याची गंजी आहे असं कळलं. फोनवर भाव ठरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाड्याचा टेम्पो घेऊन निघालो. निघताना उत्तमला ऑर्डर दिली, "दोघांना दावणीलाच ठेव. पट्ट्यात सोडायचं नाही."

कारण पट्ट्यातल्या कापलेल्या ज्वारीला अवकाळी पावसानं हिरवे फुटवे आले होते. उपाशी जनावरानं तो कोवळा फुटवा खाल्ला की किराळ लागतं, म्हणजे विषबाधाच. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"न्हाई सोडत, अण्णा. मी काय येडा हाय का?"

उमरीला पोहोचलो तर गंजीपाशी दुसरा ट्रक उभा. कुठल्याशा डेअरीवाल्याचा माणूस चढा भाव देऊन कडबा भरत होता.

"फौजी साहेब, कालचा भाव कालच गेला," मालक म्हणाला. "माझी बी जनावरं हायत. हौस हाय का मला इकायची?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या म्हशींची हाडं वर आली होती. हुज्जत घालून, वाढीव भाव मोजून, अर्धा टेम्पो कडबा मिळाला. त्यात दुपार गेली. मुखेड मागे पडलं तेव्हा उत्तमचा फोन आला.

"अण्णा, कुठवर आलाव?"

"मुखेड सोडलं. बोल."

"वजीर पडला."

"कुठं?"

"पट्ट्यात. सकाळपास्नं रिकामी गव्हाण चाटून राहिले होते. त्यांचं हंबरणं ऐकवंना, अण्णा. म्हणलं दोन घास खाऊ द्यावं, लगेच बांधतो."

"शेवऱ्या?"

"उभा हाय. थरथरून राहिला."

"बाहेर काढ. डॉक्टर?"

"उदगीरवरनं निघालेत."

"फोन चालू ठेव."

फोन चालू राहिला. "उभा ऱ्हा रे बाबा, उभा ऱ्हा," असं उत्तमचं चाललेलं मला ऐकू येत होतं. जळकोट यायच्या आधी धप्प असा आवाज आला आणि कमल ओरडली. ड्रायव्हरनं आपण होऊन गाडीचा वेग कमी केला.

डॉक्टर पोहोचेपर्यंत दोघंही गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीनं खड्डा घेतला. पुरताना टाकायला मिठाची पोती आली. टेम्पो तसाच भरलेला उभा होता आणि त्याच्याभोवती गावातली माणसं जमली होती. शेजारचे विठ्ठलराव ओशाळून म्हणाले, "उत्तम, ही येळ न्हाई, पण माझी गाय गाभण हाय. कडबा इकणार असशील तर..." मला त्यांचा राग आला नाही. त्या परिस्थितीत मीही विचारलं असतं.

उत्तमनं टेम्पोतून दोन पेंढ्या काढल्या, खड्ड्यात उतरला आणि त्यांचे बंध सोडले. दोघांच्या तोंडापुढे कडबा मोकळा करून टाकला, रोज गव्हाणीत टाकायचा तसा. उपाशी जनावरं घरी बांधून आलेली माणसं काठावर उभी होती.

"बाकीचा ह्यांना देऊन टाक, अण्णा," वर येऊन तो म्हणाला. "पैसे घेऊ नको."

मी टेम्पोचा फाळका पाडला आणि पेंढ्या एकेकाच्या हातात देऊ लागलो.

यंदा त्या पट्ट्यातही सोयाबीन आहे. संध्याकाळी वैरणीची वेळ झाली की उत्तम अजून हातातला चहा ठेवून उठतो. दारापर्यंत जातो.

"बसा," कमल म्हणते. "न्हाईत ते."

मग तो बसतो.