ताईची सीट

आमच्या भाऊजींना आयुष्यात एकही वस्तू नीट दुरुस्त करता आली नाही, आणि कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर म्हणून द्यायची नाही हा त्यांचा बाणा. या दोन गोष्टी एकाच माणसात जमल्या की घराचं काय होतं, ते मी चौदा वर्षं बघतोय. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खालच्या मजल्यावर ते दोघं राहतात, वर मी एकटा.

त्यांच्या घरात वावरायचं तर आधी शिकवणी घ्यावी लागते. दाराची कडी वर उचलून मग बाजूला ओढायची. बेसिनचा नळ पूर्ण बंद करायचा नाही, केला तर तो पुन्हा उघडत नाही. मिक्सर चालू असेपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं, आशीर्वाद दिल्यासारखं. यातली प्रत्येक करामत भाऊजींची, आणि प्रत्येक करामतीनंतर त्यांनी हात झटकत सांगितलेलं असतं, "तात्पुरतं केलंय हं." नळ सात वर्षांपूर्वी तात्पुरता झाला.

नोकरी म्हणाल तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. कुणाचा गैरसमज नको, लिफ्टला त्यांनी कधी हात लावलेला नाही. ते फोनवर तक्रारी घेतात. समोर छापील फॉर्म असतो. त्यातला पहिला रकाना 'नेमकी कुठली लिफ्ट', दुसरा 'आत कुणी अडकलंय का'. सगळे रकाने भरून झाले की भाऊजी म्हणतात, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," आणि फोन ठेवतात. बावीस वर्षं हे एक वाक्य. पलीकडच्या खोलीत खरे इंजिनियर बसतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. आमच्या पवळ्याला फक्त रुबाब लागला.

घरीही तेच. ताई म्हणाली की मीठ संपलंय, की हे पेपरातून डोकं न काढता म्हणणार, "नोंद घेतली." मीठ तिसऱ्या दिवशी ताईच आणणार.

ताई मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीनं सव्वा तास. अकरा वर्षं ती पहाटे उठून एकटी गाडी घेऊन जाते आणि अंधार पडायच्या सुमाराला परत येते. ओल्या चादरींचे ढीग उचलून उचलून तिच्या कमरेचा मणका सरकला. त्यानंतर तिनं जुनीच पण गरम होणाऱ्या सीटची गाडी शोधून घेतली. बटण दाबलं की पाठीला आणि कमरेला शेक मिळतो. थंडीच्या महिन्यांत त्या शेकाच्या जोरावर ती नोकरी करत होती, यात अतिशयोक्ती नाही. भाऊजी ऑफिसला चालत जातात. गाडीला त्यांचा हात लागतो फक्त रविवारी, दोघं कुठे बाहेर जायची असली तर. मला गाडी येत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, कोपऱ्यावर.

यंदा ताईला विभागाची इन्चार्ज केलं. उचलाउचल संपली, तीस माणसं हाताखाली. आणि महिन्याभरात कमरेनं दगा दिला. डॉक्टरांनी दहा दिवस पाठीवर झोपायला लावलं. नंतर जा म्हणाले, पण प्रवासात कमरेला गार लागता कामा नये, शेक हवाच. तिच्या हॉस्पिटलमधून मोठ्या बाईंचा फोन आला की सोमवारी हजर व्हा, नाहीतर ती जागा दुसरीला द्यावी लागेल. पुन्हा चादरी उचलायला जायचं म्हणजे कंबर संपली, हे ताईला कुणी सांगायला नको होतं.

आणि नेमकी सीट बंद पडली होती. मंगळवारी मी खाली गेलो तेव्हा ताई पलंगावर छताकडे बघत पडली होती. ती म्हणाली, "अहो, माझी सीट गरम होत नाहीये. सोमवारच्या आत गॅरेजला दाखवून आणा. गुरुवारी दहाची वेळ मिळालीय."

"नोंद घेतली," भाऊजी म्हणाले.

बुधवारी त्यांनी गॅरेजला फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. वर मलाच समजावलं. "अरे, त्यात असतं काय? एक तार, एक बटण. इस्त्रीसारखंच. तू फक्त उजेडाला बॅटरी धर." मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांची फजिती बघायला मला आवडते, हे खोटं कशाला बोलू? मी बॅटरी धरली.

गाडी घराला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती. भाऊजी सीटवर बसले, बटण दाबलं, बुडाखाली तळहात घातला आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसले. मग गंभीरपणे म्हणाले, "गेलेली आहे." डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं. इंजिन चालू असल्याशिवाय या सीटा तापतच नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. गाडीच्या माहितीपुस्तकात ते ठळक छापलेलं आहे. पण ते पुस्तक जेवणाच्या टेबलाच्या हलत्या पायाखाली होतं. तात्पुरतं.

त्यांनी गाडीच्या बॅटरीची तार काढली आणि चार बोल्ट सोडवून सीट बाहेर घेतली. "या बाजूला स्टीअरिंगची अडचण नाही, हे एक बरं," असं स्वतःशी पुटपुटलेही. मी ऐकलं, आणि मलाही बरंच वाटलं.

सीट जुन्या घोंगडीवर उताणी पडली. कापड खालून लोखंडी कड्यांनी ओढून बसवलेलं असतं. भाऊजींनी पकडीनं एकेक कडी तोडली, त्याला पूर्ण गुरुवारची संध्याकाळ गेली. कापडाखाली फोम, आणि फोमवर एक पातळ पट्टा, त्यात बारीक तार नागमोडी शिवलेली. शुक्रवारी त्यांनी ऑफिसमधून मीटर आणलं. तारेच्या दोन टोकांना दोन काड्या लावायच्या. मीटर वाजलं तर तार अखंड, नाही वाजलं तर कुठेतरी तुटलेली.

मीटर वाजलं.

"तार चांगली आहे की भाऊजी," मी म्हणालो.

त्यांनी काड्या पुसून पुन्हा लावल्या. पुन्हा वाजलं. "मीटर खराब आहे," ते म्हणाले. "ऑफिसच्या वस्तू अशाच." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं केली त्यानं आमच्या भाऊजींना नक्की पाहिलेलं असणार. दुसरं मीटर आणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तार एका जागी काळपट दिसते, तिथंच दोष आहे, असं ठरवून त्यांनी ती चांगली तार कापली. शनिवारभर ती जोडत बसले. कथील वितळवून डाग दिला, तो सुटला. परत दिला, बोट भाजलं. शेवटी जोडावर चिकटपट्टीचा एवढा गोळा केला, की तो कमरेत टोचेल की काय अशी मला शंका आली. कड्या तर तोडून झाल्या होत्या, म्हणून कापड प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलं. पट्ट्यांची टोकं खालून सुरवंटाच्या केसांसारखी बाहेर आलेली. रविवारी सीट जागेवर बसली आणि एक बोल्ट हातात उरला.

"हा जास्तीचा," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी तो खिशात टाकला.

गाडीची बॅटरी जोडली. चार दिवस गाडी बंद होती म्हणून त्यांनी इंजिन सुरू केलं, आणि या बाजूला येऊन बटण दाबलं. दोन मिनिटांत सीट तापली. छान, खालपासून वरपर्यंत. मी हात लावून पाहिला आणि मनातून खजील झालो. माणसाला आपण उगाच हिणवत असतो, चौदा वर्षांत एकदा तरी जमलं की, असं त्या क्षणी वाटून गेलं.

भाऊजी हातही न धुता आत गेले. "तुझी तक्रार निकालात काढली."

ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हताच, तो माझ्यावर होता. "खरंच रे?"

"खरंच," मी म्हणालो. "मी स्वतः हात लावून बघितलं." दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी सकाळी ती भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत शेडमध्ये आली. कमरेला पट्टा, एका हातात डबा. इंजिन आधीच सुरू करून ठेवलेलं. भाऊजींनी मोठ्या अदबीनं गाडीचं दार उघडून धरलं. "बस. मस्त तापलीय."

ताई उभीच राहिली. तिनं उघडं दार पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही येताय मला सोडायला?"

"मी? छे, मला नऊला ऑफिस आहे."

"मग मी इथं बसल्यावर गाडी कोण चालवणार?"

भाऊजींचा हात दारावर तसाच राहिला. त्यांनी उघडून धरलेलं दार चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटचं होतं. रविवारी दोघं बाहेर जातात तेव्हा ताई जिथं पर्स मांडीवर घेऊन बसते, ती सीट. चार दिवस ते त्या सीटची आतडी काढून परत भरत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"तूच म्हणालीस, माझी सीट," ते म्हणाले.

मग म्हणाले, "असं कर, ही चालू ठेव. शेजारी असली की थोडी ऊब तिकडेही येतेच." हे वाक्य त्यांनी खरोखर उच्चारलं, मी साक्षीला आहे.

ताई गाडीला वळसा घालून गेली, तिच्या जागेवर बसली, आणि बसताना तोंडातून निघालेला आवाज तिनं दात आवळून परत आत घेतला. आम्ही चार दिवस राबून तापवलेल्या सीटवर तिनं डबा ठेवला. "निदान जेवण तरी गरम राहील," ती म्हणाली आणि गेली.

मी दिवसभर दुकानात लोकांना लांबचं दिसतं का, जवळचं दिसतं का, विचारत बसलो. भाऊजींना शिव्या घालायला मन घेतच नव्हतं. कारण माझ्याही डोक्यात 'ताईची सीट' म्हटल्यावर शेजारचीच आली होती. आमच्या घरी बाबा चालवायचे, आई शेजारी बसायची. ताई अकरा वर्षं रोज गाडी चालवते, ती गाडी रोज माझ्या खिडकीखालून जाते, आणि तरी मी चार दिवस बॅटरी धरून त्या रिकाम्या सीटवर उजेड पाडत होतो. भाऊजी मूर्ख आहेत म्हणून चुकले. मला तेवढीही सबब नव्हती.

संध्याकाळी शेडमधून हॉर्न वाजला. थांबला, परत वाजला. आम्ही दोघं धावलो. ताई स्टीअरिंगला धरून ताठ बसली होती, चेहरा पांढराफटक. "उतरता येत नाहीये," ती म्हणाली. भाऊजी तिच्या काखेत हात घालायला लागले, तशी ती ओरडली. "हलवू नका. तू गॅरेजला फोन कर. यांना नको, तू कर."

मी तिथंच उभं राहून स्पीकरवर फोन लावला. मेकॅनिकनं उचलला. मी म्हणालो, "सीट गरम होत नाहीये."

"कुठली सीट?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"ताईची," मी म्हणालो.

"तुमची ताई मला काय माहीत, साहेब. गाडीतली कुठली?"

"चालवणाऱ्याची. गाडी तीच चालवते."

"सीटखाली काही ठेवता का? छत्री, बाटली?"

ताईनं मान हलवली. छत्री. रोज तिथंच असते.

"मग खाली हात घाला. तारांचा एक जोड सुटलेला असेल. बोटानं दाबा, टक् वाजेपर्यंत. आणि बघताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर तापायची नाही."

भाऊजी माझ्या आधी गुडघ्यावर बसले. तिच्या पायांशी, सीटखाली खांद्यापर्यंत हात घालून चाचपडायला लागले. छत्री बाहेर आली. मग आतून बारीकसा आवाज झाला, टक्. ताईनं बटण दाबलं. इंजिन घुमत होतं. दोन मिनिटांनी तिचे खांदे खाली आले आणि तिनं डोकं मागे टेकलं.

भाऊजी गुडघे झटकत उठले. त्यांच्या चेहऱ्यावर तोच रुबाब परत आलेला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच निघालं बघ. जोडातच दोष होता."

ताईनं डोळे उघडले नाहीत. "अहो," ती म्हणाली, "एक नोंद करून घ्या. मी गाडी चालवते."

भाऊजींनी तोंड उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ते वाक्य म्हणता येईना. ताई अर्धा तास तशीच शेकत बसून राहिली, मग आपली आपण उतरली. मंगळवारी सकाळी सहाला तिची गाडी माझ्या खिडकीखालून गेली. शेजारच्या सीटवर डबा होता.